सूर्य कलेपर्यंत

माझी सासू तुर्गुनोय आणि मी, आमचं बरीच वर्षं विळ्या-भोपळ्याचं सख्य होतं. मी तंदुरातून रोटी काढली की ती बोटानं टकटक करून बघायची आणि म्हणायची, "छान झालीय गं मव्जूदा. भिंत बांधायला उपयोगी पडेल." मीही काही कमी नव्हते. पण एका गोष्टीवरून मी तिला कधी चिडवलं नाही, ती म्हणजे तिच्या राहून गेलेल्या नमाजा. तिथं तिचं मन फार हळवं होतं.

त्या कशा राहिल्या ते तिनं मला कितीदा तरी सांगितलं होतं. आमचं गाव नामांगान शहराच्या अलीकडचं, आणि तेव्हा सगळं गाव सामूहिक शेतात कापूस वेचायला जायचं. तुर्गुनोय शाळकरी पोर असल्यापासून ओटी बांधून कापसात उभी. पहाटे अंधारात ट्रक यायचा, शेतावर उतरेपर्यंत सूर्य वर येत असायचा. दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर आला की मुकादम निशोन शिट्टी मारायचा: सुट्टी. आणि संध्याकाळी वजन करून ओटी सोडायची ती सूर्य बुडता बुडता. पुढे घरी येऊन गाय, तंदूर, पोरं, नवरा. जेवणाच्या चादरीवरच तिचा डोळा लागायचा.

त्या काळी नमाज पढणं सरकारला खपत नव्हतं, हे खरं. पण निशोन दुपारी तुतीखाली टोपी तोंडावर घेऊन घोरायचा. कापसाच्या आड कोण उभं राहिलं, कोण वाकलं, याची त्याला काय पडली होती? अडचण वेगळीच होती. सूर्य उगवताना, डोक्यावर असताना आणि मावळताना नमाज पढायची नाही, हे तुर्गुनोयला तिच्या आईनं लहानपणी पक्कं शिकवलेलं. त्या वेळी सूर्याला पुजणारे त्याच्यापुढे वाकतात, आणि भर दुपारी जहन्नमची भट्टी पेटते. म्हणजे दिवसाचे जे तीन रिकामे वेळ निशोन द्यायचा, नेमके तेच तीन अल्लाकडे बंद. सूर्य जरा कलला, नमाजाची वेळ झाली, की निशोनची दुसरी शिट्टी. दैव देतं आणि कर्म नेतं, म्हणतात ना.

एकदा तिनं धीर करून विचारलंही होतं. "निशोनदादा, सुट्टी थोडी उशिरा सोडा ना."

"का गं?"

"ऊन उतरतं जरा."

"ऊन काय तुझ्या सासऱ्यानं पेरलंय? सगळ्या जिल्ह्याची सुट्टी एकाच वेळी होते. जा, कलिंगड खा."

ती कलिंगड खायला बसली. अशी तिची सगळी तरणी वर्षं गेली.

पेन्शन मिळाल्यावर ती फेडायला लागली. रोजच्या पाच नमाजा, आणि प्रत्येकीमागे एक जुनी. मशीद उघडली होती, मुकादम मेला होता, वेळच वेळ होता. हिशेबाला तिनं जर्दाळूच्या बिया ठेवल्या होत्या. एका थैलीत राहिलेल्या, दुसरीत फेडलेल्या. एक दिवस पुरा झाला की एक बी इकडून तिकडे. माझा नवरा एर्गाश कामासाठी रशियाला गेला, पोरी लग्न होऊन गेल्या, घरात आम्ही दोघीच उरलो, आणि भांडायला तिसरं कोणी नसल्यानं हळूहळू आमचं सूत जमलं. ती थैल्या हातात तोलून म्हणायची, "मव्जूदा, एवढं संपेपर्यंत मला मरू देऊ नकोस हं. मग खुशाल पूर." मी म्हणायचे, "तुम्ही? तुम्ही मला पुरून वर पुलाव खाल."

गेल्या वर्षी जर्दाळू पिकत असताना मी बाजारातून आले, तर ती अंगणातल्या लाकडी माच्यावर बसली होती. दोन्ही थैल्या तिनं परातीत ओतल्या होत्या आणि सगळ्या बिया हातानं कालवत होती, तांदूळ धुवावेत तशा.

"आई, अहो हे काय केलंत?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "यातल्या फेडलेल्या कुठल्या गं?"

मी काय सांगणार? सगळ्या सारख्याच दिसत होत्या. मी म्हटलं, "सगळ्या फेडल्या, आई."

"खोटारडी," ती म्हणाली, आणि लहान पोरीसारखी रडायला लागली. त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली.

त्यानंतर तिचं भान एकेक करून सुटत गेलं. आधी शेजारणींची नावं गेली, मग एर्गाशचं, मग माझं. मी कधी तिची बहीण व्हायचे, कधी कापूस वेचणारी कोणी बाई. झोप तर इतकी वाढली, की पहाटेच्या अजानला मी हलवून हलवून थकायचे. ती उठायची सूर्य उगवताना. मग पुन्हा झोप. भर दुपारी टक्क जागी, सूर्य कलला की मान खाली. सूर्य मावळताना पुन्हा जागी आणि संध्याकाळच्या अजानआधीच गुडूप. डोकं सगळं विसरलं, पण अंग शेतावरच्या सुट्ट्या विसरायला तयार नव्हतं.

आणि जागी झाली की तिला नमाज आठवायची. वुजूला पाणी मागायची, हातपाय नीट धुवायची, नमाजाची चटई, जानमाज अंथरायची. मग वर सूर्याकडे बघायची आणि जानमाज गुंडाळून ठेवायची. "आत्ता नाही चालत," मलाच समजावायची. पोटचा पोरगा विसरली, पण ही मनाई विसरली नाही. मला त्या मनाईचा राग येत नव्हता. पण डोळ्यांपुढे तेच तेच बघून माझा जीव नुसता तुटायचा.

मी तिला फसवायचाही प्रयत्न केला. एका दुपारी खिडकीला रजई टांगली आणि म्हटलं, "आई, सूर्य कलला. पढून घ्या." ती भिंतीला धरत धरत अंगणात गेली आणि जर्दाळूच्या झाडाचं बूड बघून आली. सावली बुंध्यापाशीच गोळा झालेली.

"बाई गं, तू वजनकाट्यावर होतीस का?" ती म्हणाली. "तिथले असेच दिवसाढवळ्या फसवायचे."

शेवटी मी दोम्लांकडे गेले. अब्दुमालिक दोम्ला म्हणजे आमच्या मशिदीचे इमाम, माणूस गरीब स्वभावाचा.

"दोम्लाजी, काहीच सूट नाही का हो?"

"आजची तिसऱ्या प्रहराची राहिली असेल तर ती मावळता मावळताही चालते. पण जुनी नाही चालत." मग माझं तोंड बघून म्हणाले, "अगं पण मव्जूदा, ज्याचं भान गेलं त्याच्यावर फर्ज नाही. हिशेब लिहिणाऱ्या फरिश्त्यांनी लेखणी खाली ठेवली. तिच्याकडे कोणी काही मागत नाहीये."

"हे मला कळतं. तिला कोण सांगणार?"

दुसऱ्या दिवशी दुपारी ते स्वतः आले. सासू माच्यावर वुजू करून बसली होती, शेजारी जानमाजाची गुंडाळी. दोम्ला समोर बसले आणि मोठ्यानं म्हणाले, "तुर्गुनोय आई, तुम्ही निवांत राहा. अल्ला दयाळू आहे, सगळं माफ आहे."

तिनं त्यांच्या टोपीकडे निरखून पाहिलं. "तू निशोनदादाचा पोरगा ना? सुट्टीचं सांगायला आलास?"

दोम्लांनी माझ्याकडे बघितलं. खोटं बोलणाऱ्यातला तो माणूस नाही. पण म्हणाले, "हो आई. सुट्टी वाढवलीय."

"कुठवर?"

"सूर्य कलेपर्यंत. त्याच्याही पुढे. तुमची नमाज होईपर्यंत."

माझी सासू हसली. इतक्या वर्षांत तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. "बघ," मला म्हणाली, "मी म्हटलं होतं ना, निशोनदादा मनानं वाईट नाही."

तिनं स्वतःच्या हातानं जानमाज अंथरली आणि त्यावर बसून झाडाच्या सावलीकडे बघत राहिली. दोम्ला बसले, मीही बसले. चहा ओतला होता, कोणी हात लावला नाही. सावली हलता हलत नव्हती. सासूच्या पापण्या जड व्हायला लागल्या. मी तिच्या पाठीला हात लावून धरलं, गार पाण्यानं तोंड पुसलं. "आई, थोडंच राहिलंय. आई, बघा, सरकतेय." ती हूं म्हणायची. मी मनात म्हणत होते, या अल्ला, एक पढू दे तिला, एकच, पुन्हा कधी काही मागणार नाही.

बुंध्याच्या पलीकडे सावलीची कड बाहेर पडली. दोम्लांनी मान हलवली: झाली वेळ. आणि माझ्या हातावर सासूचा सगळा भार आला. ती झोपली होती.

"आई! आई, उठा, वेळ झाली!" मी तिला गदागदा हलवलं.

तिनं डोळे उघडले. "झाली शिट्टी?"

"शिट्टी नाही हो आई. नमाज. सूर्य कलला. आता पढा."

"आता कुठली गं," ती म्हणाली. "सुट्टी संपली."

घाईघाईनं उठून तिनं जानमाज गुंडाळली. डोक्याचा रुमाल काढला, त्याची ओटी करून कमरेला बांधली आणि बोरूसारख्या पायांनी अंगणाच्या भिंतीकडे चालू लागली. दोम्ला उठून तिच्यामागे दोन पावलं गेले. "आई, सुट्टी वाढवलीय, मी सांगितलं ना तुम्हाला."

"तुझ्या बापाला सांग," ती मागं न बघता म्हणाली. "तो ओरडतो आम्हाला."

भिंतीपाशी काहीच नव्हतं. ती वाकून वेचत होती आणि ओटीत टाकत होती.