अकरावा पाटा

आई गेल्यावर चौथ्या महिन्यात मला कलावंत व्हायची संधी आली. तोवर मी शाळेत चित्रकला शिकवत होतो, म्हणजे मुलांना भेंडीचे ठसे मारायला लावत होतो. सोलापुरातल्या एका लहानशा संग्रहालयानं ठरवलं, की तिथल्या जुन्या वस्तूंवरून आजच्या शिल्पकारांनी काहीतरी नवं मांडावं. माझ्या वाट्याला शेवटचं दालन आलं. दळायची दोन जाती, एक उखळ आणि एक पाटा-वरवंटा. पाथरवटाचा मुलगा म्हणून दिलं असावं. मला आनंद झाला का, आठवत नाही. त्या दिवसांत मला कशाचंच काही होत नव्हतं. आईच्या तेराव्यालाही मी रडलो नव्हतो, मांडववाल्याशी मात्र खुर्च्यांवरून व्यवस्थित भांडलो होतो. पाहुणे म्हणाले, पोरगा घट्ट आहे.

माझी कल्पना सोपी होती. गल्लीतल्या घरांतून वापरलेले पाटे मागून आणायचे, संग्रहालयातल्या पाट्यासमोर ओळीनं उभे करायचे आणि बाजूनं उजेड सोडायचा, म्हणजे वाटून वाटून झिजलेली जागा चमकेल. आम्हाला मार्गदर्शन करायला पुण्याहून एक बाई येत. त्यांनी पाट्यावर बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "ही झिजलेली जागा, हेच शिल्प. ते कुणा बाईच्या हातानं आधीच झालंय. तुम्ही फक्त दाखवताय." हे वाक्य मी उचललं आणि स्वतःचं म्हणून फलकावर लिहिलं.

पाटे मिळायला त्रास पडला नाही. मिक्सर आल्यापासून ते न्हाणीत नाहीतर जिन्याखाली पडून होते. बायकांची अट एकच, "न्या की, पण परत देताना टाकी लावून द्या." पाटा गुळगुळीत झाला की वाटण नुसतं सरकतं. मग छिन्नीनं बारीक टवके पाडून तो पुन्हा खरबरीत करायचा, ती टाकी. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जन्मभर तेच केलं. सायकलवरून पार दुधनीपर्यंत जायचे. शाळेच्या सुट्ट्यांत मीही त्यांच्या हाताखाली शिकलो होतो. दहा घरांना हो म्हणून आलो.

अकरावा पाटा आमचा. टाकी लावणाऱ्याच्या घरचा, म्हणून सगळ्यांत गुळगुळीत. आई ऐकवायची, "गावाचं वाटण नीट करून येतंय माणूस, आन घरात मिरची घसरतीया." आप्पा म्हणायचे, "रविवारी लावतो." असे कैक रविवार गेले आणि मग आई गेली. तेव्हापासून आप्पा दुपारी पाट्यापाशी बसत, मधल्या खोलगट जागेवर तळवा ठेवून.

मी पाटा मागितला तेव्हा त्यांनी आधी माझ्याकडं नीट बघून घेतलं.

"ने. पर जसा नेतोस तसा आण. तिचं एवढंच ऱ्हायलंय हितं."

"आप्पा, मला काय कळत नाही का?"

"कळतंय की. म्हणून तर सांगतोय."

प्रदर्शन बरं झालं. दुसऱ्या दिवशी कुणीतरी अकराही पाट्यांना हळदकुंकू वाहून गेलं. एका आजोबांनी चपला काढून नमस्कार केला आणि मला विचारलं, "कुठला देव म्हणायचा हा?" पुण्याच्या बाईंनी अभिनंदन केलं. मी मान हलवली.

मग पाटे टेम्पोतून घरी आले. कुणाचा कुठला ते मी पाठीवर खडूनं लिहून ठेवलं होतं. 'पिठाची गिरणी', 'कोपऱ्यावरच्या मावशी', असं. आमच्या पाट्यावर काही लिहिलं नव्हतं. आपला पाटा आपल्याला ओळखू येणार नाही का, असा माझा विश्वास. शनिवारी शाळा सुटल्यावर अंगणात पोतं अंथरलं आणि हातोडी घेऊन बसलो. एक झाला की दुसरा ओढायचा. हात चालत होते. बाकीचा मी कुठं होतो, सांगता येणार नाही. दगड समोर आला, गुळगुळीत आहे, टाकी लावायची. आईला पोचवून आल्यापासून इतकं सोपं काही झालं नव्हतं.

सगळे झाल्यावर ते उलटे करून खडूची नावं वाचू लागलो. दहा वाचली. अकराव्याच्या पाठीवर काही नव्हतं.

मी तो सुलटा केला. टाकी उत्तम लागली होती, या कडेपासून त्या कडेपर्यंत एकसारखी. फलकावर मी ज्याला शिल्प म्हटलं होतं, ते भुकटी होऊन माझ्या पायजम्यावर पडलं होतं. पहिला विचार लबाडीचाच आला. मावशींचा पाटा साधारण याच मापाचा आहे, तो आपला म्हणून ठेवावा. पण त्यालाही टाकी लावून झाली होती.

आप्पा देवळातून आले. त्यांना ओळखायला खडू लागत नव्हता. सरळ त्याच पाट्यापाशी बसले आणि तळवा ठेवला. आता तो खरबरीत दगडावर अडत अडत पुढं सरकला.

"वरच्या कडंनं सुरू केलंस?"

"हो."

"हात चांगला पडलाय."

मी म्हणालो, "आप्पा, चुकलं."

"व्हय. चुकलं."

मी उभाच होतो. ते दगडाशी बोलल्यासारखं म्हणाले, "तीन वर्सं मागत हुती. लावली न्हाय मी." मग माझ्याकडं न बघता, "हुबा काय ऱ्हायलास. जाडं मीठ आण. टाकीवरचं पहिलं वाटण टाकून द्यायचं असतंय."

मी मीठ आणलं. त्यांनी ते वाटलं, दगडाच्या भुकटीनं करडं झालेलं मीठ धुऊन टाकलं आणि मिरच्या, लसूण, शेंगदाणे मागितले. मिरची एकदाही घसरली नाही.

भाकरीबरोबर ठेचा वाढून घेतला. मीठ एकदा वाटून भागत नाही, दोन-तीनदा टाकावं लागतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. घासागणिक दाताखाली कचकच लागत होती. आप्पा खात राहिले, म्हणून मीही खाल्लं.