गाडी लागते का?

चूक माझी होती आणि ती होण्याआधीच मावशींनी मला सावध केलं होतं. इतकी वर्षं हे मी कुणाला सांगितलं नाही.

मी भूल देणारा डॉक्टर. जुन्नरच्या ज्या लहानशा दवाखान्यात मी ऑपरेशनला जायचो, तिथे मढच्या मावशी आया होत्या. बाईमाणसाला आत नेण्याआधी त्या तिची टिकली काढून ठेवत, बांगड्यांवर चिकटपट्टी लावत आणि हटकून विचारत, "गाडी लागती का गं?" लागते म्हटलं की येऊन मला सांगत. त्या स्वतः रोज एस्टीत लिंबू हुंगत यायच्या. "गाडीत वकणारं माणूस भुलीतनं उठल्यावर बी वकतं, सायेब," हे त्यांचं शास्त्र.

मी हसायचो. घाटघरच्या एका बाईचं गर्भपिशवीचं ऑपरेशन होतं. तिला गाडी लागते हे मावशींनी येऊन सांगितलं, तेव्हा तर सगळ्यांदेखत म्हणालो, "मावशी, तिला एस्टीत नाही, टेबलावर घेतोय." अशा पेशंटला उलटीची दोन औषधं आधीच द्यायची असतात. मी नेहमीचं एकच दिलं.

दुपारभर ती ओकत राहिली. पोटात काही नव्हतं, तरीही. प्रत्येक उबळीला ताजे टाके ताणले जात. मावशी एका हाताने तिच्या पोटावर उशी दाबून धरत, दुसऱ्याने कपाळ. मी मागाहून औषधं दिली, पण उतार पडायला संध्याकाळ झाली. तिच्या नवऱ्याने दारात अडवून विचारलं, काय चुकलं? "होतं असं कुणाकुणाला," मी म्हणालो. मावशींनी मान वर करून एकदाच पाहिलं.

गाडी लागणाऱ्याला भुलीनंतर उलट्या होतात, हे परीक्षेसाठी मी पाठ केलं होतं. त्यानंतर एखादीला गाडी लागते असं मावशी म्हणाल्या, की मी मुकाट्याने दोन औषधं देऊ लागलो. "आता ऐकू येतंय म्हणायचं," एवढंच त्या एकदा म्हणाल्या.

यंदा त्यांनी काम सोडलं. स्टँडवर पोचवायला गेलो तेव्हा कसंबसं म्हणालो, माझं चुकलं होतं. एस्टीच्या पायरीवर त्यांनी पिशवीतून लिंबू काढलं.

"मला काय सांगता? वकली ती. शाळंमागं घर हाय तिचं."

रविवारी घाटघरला गेलो. ती अंगणात भात वाळत घालत होती. मला ओळखून चहा ठेवायला आत वळली.

"थांबा ताई," मी म्हणालो. "त्या दिवशीचा तुमचा त्रास टळला असता. मावशींनी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. वर तुमच्या मालकांना खोटं सांगितलं. मला माफ करा."