टाचांचा जबाब

उंचावरून आलेला माणूस दोन पायांवर पडला, की तुम्हीही 'थोडक्यात वाचला' म्हणून मोकळे होता ना?

माझ्याबद्दलही सगळे तेच म्हणाले. भिलाईचा पोलादाचा कारखाना तेव्हा उभा राहत होता. भट्टी पेटायची होती आणि आम्ही ठेकेदाराची माणसं परांचीवर बोल्ट कसत होतो. शिडी एकच, तीही पार पलीकडच्या टोकाला. भोंगा झाला की आमची टोळी खालच्या फळीवरून सरळ वाळूच्या ढिगावर उडी मारायची. ती उडी म्हणजे टोळीची शान होती. मी कधीच मारली नव्हती. नागपूरला लहानपणापासून कामगारांची पत्रकं वाटत वाढलेला मी. इथेही एक पत्रक हातानं लिहून मजुरांच्या खुर्सीपारच्या झोपड्यांतून वाटलं होतं: या टोकाला शिडी मिळेपर्यंत कुणी उडी मारू नये.

त्या दिवशी भोंगा झाला आणि खालून आवाज आला, "उतर ना बे पत्रकवाले! तुई शिडी येईपर्यंत वरतीच बसतं का?"

सगळे हसले. मी उडी मारली. सकाळपासून काँक्रीटसाठी वाळू उचलली गेली होती. खाली उरला होता वीतभर थर, आणि त्याखाली घट्ट झालेली फरशी.

"अरे, उभाच पडला! काही नाही झालं, चाल."

दोघांनी बगलेत धरून मला चार पावलं चालवलंसुद्धा. ती चार पावलं मी अजून विसरलेलो नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी टाच दोन्ही बाजूंनी तळव्यात धरून दाबली, आणि मी ओरडलो. मग त्यांनी पाय सोडून माझ्या पाठीचा मणकान् मणका चाचपला. टाचेवर आलेला मार वर कण्यापर्यंत जातो, म्हणाले. कणा शाबूत होता. दुसऱ्या दिवशी तळव्यांवर काळंनिळं रक्त उतरलं, कातडीवर फोड आले. एक्स-रे उजेडात धरून त्यांनी समजावलं: टाचेचं हाड बाहेरून अंड्याच्या कवचासारखं पातळ, आतून जाळीदार. उजव्या टाचेची भेग सांध्याच्या बाहेर राहिली होती, तो पाय भरून येईल. डाव्या टाचेची भेग सांध्यात शिरली होती आणि हाड चेपून रुंद झालं होतं. सूज उतरून कातडीला सुरकुत्या दिसेपर्यंत पाय उशांवर उंच ठेवायचे, मग प्लास्टर. तीन महिने जमिनीला पाय लावायचा नाही.

तिसऱ्या दिवशी टोळीतले दोघे आले. एकजण कानाशी वाकला. "फळी सरकली म्हन. ठेकेदाराची चूक ठरन, मंग शिडी भेटन आमाले."

पण फळ्या बांधायचे ते भंडाऱ्याकडचे म्हातारे मिस्त्री. फळी सरकली असं लिहिलं असतं, तर संध्याकाळच्या आत त्यांना हाकललं असतं. ठेकेदाराचा मुनशी कागद घेऊन आला तेव्हा मी म्हणालो, "मी स्वतः उडी मारली." त्यानं एवढं एकच वाक्य लिहिलं. मी अंगठा नाही, सही केली, आणि खरं बोलल्याच्या अभिमानानं मान ताठ करून पडून राहिलो.

आठवड्यानं साइटवर नोटीस लागली: उडी मारणाऱ्याला कामावरून काढू. त्याला कारण म्हणून माझाच जबाब. शिडी आली नाही. त्यानंतर टोळीतलं कुणीही माझ्याकडे फिरकलं नाही. भेटीच्या वेळी शेजारच्या खाटांभोवती डबे उघडायचे, छत्तीसगढी बोलणं चालायचं. मी उशांवर ठेवलेल्या माझ्या दोन पांढऱ्या पायांकडे बघत भोंगे मोजायचो.

एका रविवारी मिस्त्री आले. आभार मानतील असं वाटलं. ते उभेच राहिले.

"मले वाचवलं तू, बाबू. पन शिडीचं कावून नाही सांगतलं?"

"त्यानं विचारलंच नाही."

"अन् पत्रक लिवाले कोनं सांगतलं होतं तुले?"

ते गेले. पुन्हा आले नाहीत. मला दुसरं वाक्य माहीत होतं, चांगलं लिहिताही येत होतं: शिडी लांब होती म्हणून सगळेच उडी मारतात. पहिल्या वाक्याच्या गर्वात मी ते गिळलं.

आज उजवा पाय ठीक आहे. डावा सपाट रस्त्यावर चालतो. खडीवर, उतारावर टाच आतून पेटते. जामुलच्या बसमधून उतरताना मी अजून सगळ्यांच्या शेवटी उतरतो, दांड्याला धरून, एकटा.

तुमच्यासमोर कुणी असा टाचांवर पडला, तर त्याला चालवून बघू नका. आडवं करा, पाय उंच ठेवा, पाठ दुखते का विचारा. आणि त्याचा जबाब लिहिला जात असेल, तर तो कुठून पडला आणि शिडी कुठे होती, हे दुसरं वाक्य कागदावर आल्याशिवाय त्याला सही करू देऊ नका.