पेढे वाटलेला गुडघा

भीमाशंकरहून खाली येणाऱ्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. साठीची, डोंगराकडची बाई. उजवा पाय वाटेत सरळ पसरलेला. कुणी आलं की दोन्ही हातांनी तो उचलून बाजूला घ्यायची आणि कसनुसं हसायची. गुडघ्यापाशी लुगड्यावर पिवळट डाग पडला होता.

"सांधा बदललाय," ती हळूच म्हणाली. "पन लई ठणकतोय. पू येतोय."

"मग दवाखान्यात दाखवा की, मावशी."

"गेल्ते. पट्टी सोडूनबी बघितली न्हाई. सूज असतीच म्हनले."

"परत जा. अंगावर काढू नका."

ती पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली.

"कुठल्या तोंडानं जाऊ, भाऊ? सुट्टी झाली तवा सगळ्या दवाखान्याला पेढं वाटलं मी. डाक्टरच्या पाया पडले. आता गुडघा नासला म्हनून सांगू?"

ऐकून मीच ओशाळलो.

स्टँड आल्यावर तिनं खिडकीतून समोरचा तोच दवाखाना दाखवला आणि कठड्याला धरून, लंगडत उतरली. रस्त्यापर्यंत लंगडतच गेली. मग तिनं पदर तोंडावर ओढून घेतला.

दवाखान्यासमोरून जाताना मात्र ती लंगडत नव्हती.