सहा कपांचे डिकॉक्शनकाका

डिकॉक्शनकाकांचं नाक हा जबलपूरचा एक न नोंदवलेला चमत्कार होता. कमानिया गेटच्या गर्दीत, अत्तर, कचोरी आणि स्कूटरच्या धुराच्या मधोमध उभे राहून ते सांगायचे, "त्या तिसऱ्या दुकानात कॉफी जास्त भाजून राहिले. मरतील बिचारे." कोण मरणार, कॉफी की गिऱ्हाईक, हे विचारायची सोय नव्हती. काका नाक मुरडून पुढे गेलेले असायचे.

माणूस आमच्यासारखाच नागपूरकडचा, म्हणजे जन्माने चहाचा. पण खमरियाच्या कारखान्यात उमेदवारी करताना क्वार्टरमध्ये शेजारी एक तमिळ फोरमन राहायचे, त्यांनी या जिवाला बिघडवलं. निवृत्तीनंतर काका कांचघर मोहल्ल्यात आमच्या समोरच्या घरात आले, तोवर त्यांची मतं लोखंडापेक्षा पक्की झाली होती. दाणे अर्धे पीबेरी, अर्धे प्लँटेशन. चिकोरी शंभरात पंधरा. सोळावा ग्रॅम पडला तर अख्खा डबा मोलकरणीला. दूध म्हशीचं आणि एकदाच उकळलेलं. पाणी मात्र उकळल्या उकळल्या ओतायचं नाही. "त्याचा राग जाऊ दे आधी," म्हणत ते आरशासमोर मिशी विंचरायचे. मिशीची दोन्ही टोकं सारखी झाली की पाणी तयार. झटपट कॉफीला ते कॉफी म्हणत नसत. आमच्या बायकोने एकदा तसली दिली, तेव्हा घोट घेऊन अदबीने म्हणाले, "सूनबाई, औषध छान आहे. दिवसातून किती वेळा घ्यायचं?"

सगळा घोळ होता तो फिल्टरचा. पितळी, सहा कपांचा, काकूंच्या वेळचा. त्यात एकट्यापुरती पूड घातली की पाणी सरसर खाली पळतं आणि खाली उतरणारा कॉफीचा अर्क, म्हणजे डिकॉक्शन, होतं फिक्कं. म्हणून रोज सहाच कपांचं उतरवायचं. उरलेलं दुसऱ्या वेळी गरम करून पिणं हे काकांच्या मते पाप. काकू गेल्या, मुलगा पुण्यात. तेव्हा उरलेल्या पाच कपांसाठी रोज सकाळी सातला काका फाटकावर उभे. "उतरलं! डिकॉक्शन उतरलं!" अशी आरोळी की झाडावरची माकडं दचकून पलीकडच्या मोहल्ल्यात जायची. दूधवाला, पेपरवाला, ड्यूटीवर निघालेले स्कूटरवाले, जो सापडेल त्याला आत ओढायचे. एकदा वीजमीटर बघायला आलेला माणूस तीन कप पिऊन गेला आणि मीटर बघायचंच विसरला.

"काहून रे, पळून कुठे राहिला? दोन मिनिटं बस, भैया!"

दोन मिनिटं म्हणजे पाऊण तास. मग लोक मागच्या गल्लीने जाऊ लागले. मीही गेलो दोन-चारदा, चपला हातात घेऊन. शेवटी शेवटी काका हातात पेला घेऊन फाटकात उभे दिसायचे, आरोळी मारून कितीतरी वेळ झाला तरी. आम्हा नवराबायकोला वाटलं, म्हाताऱ्याची किती ही ओढाताण. म्हणून त्यांच्या वाढदिवसाला आम्ही एक छोटा स्टीलचा फिल्टर आणला. नेमका एका कपाचा.

"आता कोणाच्या मागे लागायला नको, काका," मी दानशूर कर्णासारखा म्हणालो.

काकांनी फिल्टर उलटापालटा करून पाहिला. झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"अच्छा. एकाच माणसाचा आहे." मग जरा थांबून, "बराबर आहे. लोकांना कामं असतात."

दुसऱ्या दिवसापासून आरोळी बंद. गल्ली सुटकेचा निःश्वास टाकून पुढच्या रस्त्याने जाऊ लागली. तीन आठवड्यांनी माझ्या जाड डोक्यात प्रकाश पडला आणि मी न बोलावता गेलो. काका ओट्याशी उभ्यानेच कॉफी पीत होते.

"बसून काहून नाही पीत?"

"बसून प्यायला समोर कोणी लागते ना, बाबू."

मी ठोकून दिलं की कॉफीवाचून माझे हातपाय थरथरून राहिलेत, डॉक्टरांनी हात टेकले. काका उजळले. पण डिकॉक्शन एकाच कपाचं. पहिला कप मला दिला आणि स्वतःसाठी दुसऱ्यांदा पूड भरली. मी पीत होतो तेव्हा ते थेंब पडायची वाट बघत होते. त्यांचा कप झाला तेव्हा माझा पेला कोरडा होऊन वीस मिनिटं झाली होती.

"तो मोठा काढा ना, काका."

"देऊन टाकला. खमरियाला नवीन कुटुंब आलं आहे तमिळ. घरात सहा माणसं आहेत त्यांच्या." हे त्यांनी असं सांगितलं, जणू पोरीला चांगलं स्थळ मिळालं.

मी दुसरा मोठा फिल्टर शोधायला कमानिया गेटचा बाजार पालथा घातला. नागपूरला सांगून एक मिळवलासुद्धा. पण तो येईपर्यंत मुलगा येऊन काकांना पुण्याला घेऊन गेला होता.

परवा फोन केला. म्हणाले, मुलाकडे मशीन आहे. बटण दाबलं की एक कप पडतो. ज्याने त्याने आपला दाबायचा आणि आपापल्या खोलीत न्यायचा. "चव वाईट नाही," काका म्हणाले. काकांच्या तोंडून असं मिळमिळीत मत मी जन्मात ऐकलं नव्हतं.

मग मी सुरू झालो. "काका, तुम्ही गेल्यापासून इथं हाहाकार आहे. दूधवाला दुधातच रडून राहिला. मागची गल्ली लोकांनी विटा लावून बंद केली. खमरियाची बस रोज सातला तुमच्या फाटकासमोर आपोआप थांबते. ड्रायव्हर ॲक्सिलरेटर दाबून दाबून थकला, पण ती हलत नाही."

पलीकडे काकांनी सुर्रकन एक घोट घेतला.

"सगळं खोटं आहे," काका म्हणाले.

"हो काका."

"हं." पेला खाली ठेवल्याचा आवाज आला. "बस थांबली. मग? उतरलं कोण कोण?"