टिनाखालचा बोकड

बकऱ्या पाळणाऱ्या बायांजवळ दुधापेक्षा गोष्टीच जास्त साचतात. पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर सहाच्या आमच्या गल्लीत माझ्या आणि शेजारच्या वत्सलाबाईंच्या मिळून सात बकऱ्या, एक बोकड. मी चौथी शिकली. पण डोळ्यानं पाहिलेलं लिहिता येते.

*

बोकड वास मारते म्हणून त्याला क्वार्टरमागे टिनाखाली बांधायचं आणि दुधाच्या बकऱ्या निंबाखाली. सगळ्यांची हीच रीत. मे महिन्यात त्या टिनाला हात लावला तर फोड यायचा. मी म्हटलं, "याले बी सावली द्या."

वत्सलाबाई म्हणाल्या, "नराले काय होते? त्याले का पोटात वाढवाचं हाय?"

*

उन्हाळ्यात गाभण राहिलेल्या बकऱ्या दिवाळीच्या आगेमागे व्यायल्या. पिल्लं मुठीएवढी, पायावर उभी राहीनात. माझ्या चंद्रीची दोन्ही गेली.

आमचे हे म्हणाले, "खराब हाय ही. कसायाले देऊन टाक."

"सातही बकऱ्यायचं तेच झालं. साऱ्यायले कापता का? बोकड तर एकच हाय."

*

चंद्रीला पावर हाउसजवळच्या ढोरांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी तिला तपासलं आणि विचारलं, "बकरा कहाँ बाँधती हो?"

सांगितलं.

"तो बकरी में खोट नहीं है. गरमी से नर का बीज बिगड़ता है. छाँव में लाओ, तो भी दो महीने असर रहता है."

पुढचा उन्हाळाभर बोकड निंबाखाली. वास थेट स्वयंपाकघरात. हे नाकाला गमछा लावून जेवले. पण त्या खेपेची पिल्लं तासाभरात उभी राहून दूध प्यायली.

*

वत्सलाबाईंचा मुलगा कारखान्यात भट्टीवर कामाला. सून सुमन. तिचं पोट दोनदा तिसऱ्या महिन्यात पडलं. एक दिवस वत्सलाबाईंनी तिची पेटी भरली. अमरावतीला माहेरी धाडायची, कायमची. सुमन कोपऱ्यात बसून होती, रडतही नव्हती.

मी पेटीवरच जाऊन बसले. डॉक्टर जे बोलले ते सगळं सांगितलं.

"माह्या पोराले बोकड म्हणून राहिली का तू?"

"सुमनले खराब बकरी तुमीच ठरवली, बाई. मी नाही."

तीन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. पेटी मात्र दारातच होती.

चौथ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून त्यांचा आवाज आला. मुलाला अर्ज सांगत होत्या.

"लिही, भट्टीवरून काढा, स्टोअरमंधी घ्या."

"कारण काय लिहू, माय?"

मग म्हणाल्या, "सुमनले विचार. मले सांगाची लाज वाटते."