नाच पाच वाजता आहे

इकडे ये गं बाय, जवळ बस. दाराशी काय उभी राहतेस पाहुण्यासारखी? आणि काल काय म्हणालीस मला? "आजी, जुनं झालं, सोड ना." एवढी शिकलीस, पण हे कुणी शिकवलं गं तुला? ऐक आधी.

स्वातंत्र्य मिळून पाच-सात वर्षं झाली असतील. अंधेरीत एक मोठी संस्था निघाली होती. बी.ए. झालेल्यांना सरकारचा नि संस्थांचा कारभार शिकवायची. तिथले मोठे साहेब आमच्या कोळीवाड्यात भाषणाला आले. म्हणाले, "जे लोकांची संस्था चालवतात, त्यांना पदवी नसली तरी वर्गात जागा आहे." मी मासळीवाल्या बायकांची सोसायटी चालवत होते. शाळा चौथीला सुटलेली, पुढचं सगळं घरी वाचलेलं. साहेबांना तिथंच विचारलं. "सोमवारी या," म्हणाले.

सोमवारी मी नटले. आमच्यात मोठ्या कामाला बाई साधी जात नाही. हिरवं लुगडं, अंगावर सोनं, अंबाड्यात अबोलीची वेणी. लग्नाला जावं तशी गेले गं.

दारात साहेबांच्या हाताखालची बाई. गोल साडी, मनगटावर घड्याळ. मला वरून खालपर्यंत बघितलं नि म्हणाली, "नाच पाच वाजता आहे. मागच्या दाराने ये."

संध्याकाळी मंत्री यायचे होते. त्यांच्यापुढे आमच्याच वाड्यातल्या बायका कोळीनाच करणार होत्या. मी म्हटलं, "मी नाचायला नाही आले. शिकायला आले."

वर्गातली पोरं हसली. पोरीसुद्धा.

तेवढ्यात साहेब आले. वाटलं, हे तरी सांगतील. त्यांनी मला फळ्याजवळ उभं केलं. पोरांना म्हणाले, "उद्या तुम्हाला ह्यांचाच कारभार बघायचा आहे. नीट बघून घ्या." मग माझ्याकडे वळून, गोड आवाजात, "एक ठेका धरा की बाई."

मला. भर वर्गात.

 मी रडले नाही. म्हटलं, "आधी तुमची बायको नाचू दे. मग मी."

 घड्याळवाल्या बाईनं शिपायाला हाक मारली. बसायच्या आधीच माझी जागा गेली.

घरी नाही गेले मी. फाटकाशी थांबले. दुपार कलल्यावर आमच्या बायका आल्या, नटून, नाचायची वल्ही घेऊन. त्यांना सगळं सांगितलं. माझी चुलत सासू सगळ्यांत थोरली. तिनं वल्हं खांद्यावर टाकलं. "चला गो माघारी. मंत्र्याला ती घड्याळवाली नाचून दाखवंल."

सगळ्या वळल्या. साहेब धावत आले, "अहो ताई, अहो ऐका," करत. ती बाई हात जोडत होती. काय बरं वाटलं गं! आजही वाटतं.

पण तेवढ्यानं माझं पोट भरलं नाही. बोटी कुठं लागणार, बोंबील वाळवायची जागा कुणाच्या घशात जाणार, हे ठरवणाऱ्या खुर्च्यांवर तीच पोरं बसणार होती. तेव्हाच ठरवलं. कारभार शिकायचा, त्यांना खुर्चीवरून उठवायला. म्युनिसिपालिटीच्या दारात भांडून भांडून शिकले. त्या वर्गातल्या दोघांना उठवलं मी. आमच्या वाळवणाच्या जागेवर हात टाकला होता त्यांनी.

साहेब मेले. ती बाईही मेली. मी माफ केलं नाही. करणार नाही.

आता तसल्याच वर्गात तुला जागा मिळालीय. जा. पुढच्या बाकावर बस. सगळं शिकून घे. पण त्यांच्यासारखी होऊन आलीस, तर माझा उंबरा चढू नकोस.

आणि पहिल्या सुटीतच ये, बाय. उशीर करू नकोस. कुणाकुणाला उठवायचं राहिलंय, ते बसून सांगायचंय तुला.